एमजीबीची तारेची चाकं उतरवली त्याची गोष्ट

रिव्हर्समधून काढून पहिला गिअर टाकला की मागून टक्क असा एक आवाज यायचा. मोठा नाही, पण कळायचा. घरातून बाहेर निघताना एकदा, सिग्नलला थांबून सुटताना एकदा. गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे, असे आवाज येणारच, असं समजून मी सहा-आठ महिने ते ऐकून घेतलं. माझी गाडी म्हणजे १९७२ ची एमजीबी जीटी, एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार, रंग टील ब्लू, १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, आणि चारही बाजूंना क्रोमची तारेची चाकं. खरं सांगायचं तर मी गाडी घेतली तीच मुळात चाकं बघून. इंजिनाचा आवाज नंतर ऐकला, गंज नंतर तपासला, आधी चाकाजवळ उकिडवा बसलो आणि तारांवरून बोट फिरवलं.

त्याला कारण आहे. मी साताऱ्याचा, आता सतरा वर्षं झाली इथे इंग्लंडात कॉव्हेंट्रीला राहतोय. लहानपणी मामाचं सायकलचं दुकान होतं आणि मे महिन्याची सगळी सुट्टी मी तिथेच काढायचो. चाकात तारा भरणं, निप्पल म्हणजे तारेच्या टोकाचे छोटे नट आवळणं, छर्रे रॉकेलमध्ये धुणं, आणि सगळ्यात आवडीचं काम म्हणजे चाकाचा आउट काढणं. चाक गरागरा फिरवायचं, रिमच्या कडेला खडू धरायचा, खडू जिथे घासेल तिथे चाक त्या बाजूला झुकलंय म्हणून समोरच्या बाजूची तार पाव फेरा आवळायची, परत फिरवायचं. मामा म्हणायचा, तार बोलते रे, तिला नखाने वाजवून बघ. आवळलेली तार टणकन वाजते, सैल तार तशी वाजत नाही. तर असं बालपण गेलेल्या माणसासमोर तारेच्या चाकांची गाडी आली की तो काय करणार.

आणि ही तार मूळची या गावाचीच म्हणायची. जेम्स स्टार्लीने तिरक्या तारांचं चाक इथे कॉव्हेंट्रीत काढलं, १८७४ चं त्याचं पेटंट आहे, तारा हबमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातून, सरळ न जाता तिरक्या जातात त्यामुळे पेडलचा जोर रिमपर्यंत पोचतो. आजही मामाच्या दुकानातलं प्रत्येक चाक त्याच रीतीचं आहे. पुढे रज-व्हिटवर्थ नावाची सायकली बनवणारी कंपनी होती, तिनेच मोटारीसाठी चटकन निघणारं तारेचं चाक आणलं, मधे दाते असलेला हब आणि वरून एकच मोठा नट. माझ्या एमजीबीवरचं चाक त्याच घराण्यातलं, ६० तारांचं, १४ इंची.

हे चाक कसं बसतं ते आधी सांगतो कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. साध्या गाडीला चार बोल्ट असतात आणि चाक त्यांनी हबला दाबून धरलेलं असतं. तारेच्या चाकाला बोल्ट नाहीत. हबवर चारी बाजूंनी बारीक उभे दाते, ज्याला स्प्लाइन म्हणतात, तसेच उलटे दाते चाकाच्या पोटात, आणि चाक त्या दात्यांवर सरकवून बसवायचं. वरून दोन पंखांचा मोठा नट, तो तांब्याच्या नाहीतर चामड्याच्या तोंडाच्या हातोड्याने ठोकून आवळायचा. गाडीच्या डाव्या बाजूला नेहमीचे आटे असतात आणि उजव्या बाजूला उलटे, म्हणजे चाक पुढे फिरताना नट आवळत जातो, सुटत नाही. हब चुकून या बाजूचा त्या बाजूला बसवला तर मात्र तोच नट चालता चालता सुटत जाईल, म्हणून जुनी तारेच्या चाकांची गाडी घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी नट कुठल्या दिशेने सुटतो ते दोन्ही बाजूंना बघून घ्यावं. इंजिनाची ताकद आणि ब्रेकचा जोर दोन्ही त्या दात्यांमधूनच जातं. दाते झिजले की चाक हबवर किंचित मागेपुढे व्हायला लागतं, आणि मग येतो तो टक्क.

पण मला तेव्हा हे सुचलं नाही. मी प्रॉपशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या, युनिव्हर्सल जॉइंटवर संशय घेतला, दोन्ही जॉइंट बदलले, दोन रविवार गेले, टक्क तसाच. वर ताशी ५५-६० मैलांच्या आसपास स्टिअरिंग थरथरायचं. एका टायरवाल्याकडे चाकं बॅलन्स करायला नेली तर त्याच्याकडे असली चाकं दोन्हीकडून धरणारे शंकूच्या आकाराचे तुकडे नव्हते, त्याने नेहमीच्या गाडीचं चाक पकडतात तसंच ते मशीनवर पकडलं आणि वजनं ठोकून दिली. घरी येताना थरथर आधीपेक्षा वाढलेली होती. तारेचं चाक दात्यांवर नाही तर आतून-बाहेरून असलेल्या तिरप्या कडांवर मध्यात बसतं, तसंच्या तसं मशीनवर पकडलं नाही तर बॅलन्सिंगला काही अर्थच उरत नाही.

शेवटी शेजारचे आजोबा आले. आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलेला माणूस, वय ऐंशीच्या पुढे, मी त्यांना नावाने हाक मारतो कारण इथली तशी रीत आहे पण मनातल्या मनात ते माझे काकाच आहेत. ते म्हणाले, चाक जॅकवर उचल, बायकोला ब्रेकवर पाय दाबून धरायला सांग आणि मग चाक दोन्ही हातांनी पुढेमागे हलवून बघ. बायको आत बसली, ब्रेक दाबला, मी चाक धरून हलवलं आणि चाक हललं. हब जागचा हलला नाही, ब्रेकने धरलेला होता, पण चाक हललं, हाताला खुळखुळ्यासारखं लागलं. मागची दोन्ही तशीच. पुढचं एक बरं, एक नाही.

चाक उतरवल्यावर जे दिसलं ते मी विसरणार नाही. आजोबा म्हणाले स्टेपनी आण. स्टेपनी पन्नास वर्षं डिकीतच झोपलेली, बहुधा कधी रस्त्याला लागलीच नसावी. तिच्या पोटातले दाते माथ्यावर सपाट होते, प्रत्येक दात्याला वर छान रुंद कडा, बोटाला करवतीसारखं टोचत नाही. मागच्या चाकाचे दाते बघितले तर सगळे टोकदार, चिंचोळे, आणि एका बाजूने जास्त खाल्लेले, कारण पुढे जातानाचा जोर नेहमी त्याच बाजूला. हबचेही तसेच. ग्रीसऐवजी त्यात लालसर गंजाची पूड होती. तिथे ग्रीस असायलाच हवं, वर्षातून एकदा तरी चाक काढून पुसून नवीन लावायला हवं, ते कुणी कित्येक वर्षं केलं नव्हतं, आणि घेतल्यापासूनच्या दोन वर्षांत मीही नाही. आजोबा काही बोलले नाहीत, नुसतं त्या दात्यांवर अंगठा फिरवून म्हणाले, आणखी झिजले तर एक दिवस हब फिरेल आणि चाक फिरणार नाही, आणि ब्रेक दाबशील तेव्हा उलटं होईल. त्या दिवसापासून गाडी गॅरेजबाहेर काढली नाही. इथे चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना २०१८ पासून एमओटी या वार्षिक तपासणीची सक्ती नाही, त्यामुळे माझी गाडी दोन वर्षं कुणी तपासलीच नव्हती. सूट आहे म्हणून मीही नेली नव्हती. आता दरवर्षी नेतो, सक्ती नसली तरी.

रात्री मामाला व्हिडिओ कॉल केला. त्याला चाक दाखवलं, तारा वाजवून ऐकवल्या, दोन तुटलेल्या होत्या, चार-पाच सैल. मामा म्हणाला, "तारांचं काय घेऊन बसलास, तारा मी इथून बसूनपण भरून देईन. हबच गेलाय रे बाबा. सायकलीचे कप-कोन गेले की आउट कितीही काढ, चाक डुलणारच." अगदी तेच होतं.

आता पर्याय काय होते ते सांगतो. एक, नवीन तारेची चाकं घ्यायची, पण मग चारही हबसुद्धा नवीन घ्यायला लागतात, कारण झिजलेल्या हबवर नवीन चाक घातलं तर ते चाकही थोड्या दिवसांत तसंच झिजतं. लोक इथे पैसे वाचवतात आणि दोन वर्षांनी परत खर्च करतात. दोन, दात्यांवर बसणारी अलॉयची चाकं मिळतात, मिनीलाइटसारखी दिसणारी, पण त्यालाही हब चांगलेच हवेत. तीन, तारेचा कारभारच बंद करायचा आणि गाडीला चार बोल्टची चाकं लावायची.

तिसरा पर्याय ऐकायला सोपा वाटतो. मलाही वाटला. चार बोल्टचे हब लावू की, झालं. तेव्हा मला माहीत नव्हतं की एमजीबीचा मागचा ॲक्सलच दोन प्रकारचा आहे. तारेच्या चाकाचा हब बाहेर लांब येतो, म्हणून कारखान्याने त्या गाड्यांना ॲक्सल अरुंद दिला, नाहीतर चाक मडगार्डच्या बाहेर आलं असतं. बोल्टच्या चाकाचा ॲक्सल रुंद. म्हणून जे लोक उलटं करतात, म्हणजे बोल्टच्या गाडीला ॲडॉप्टर ठोकून तारेची चाकं लावतात, त्यांची चाकं बाहेर ढकलली जातात आणि मागचे टायर मडगार्डच्या कडेला घासायला लागतात. चाक आपल्याला दिसतं ते सगळ्यात बाहेरचं टोक, ते कसलं असणार हे आत ॲक्सलपाशीच ठरलेलं असतं.

महिनाभर माझं मन होईना. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून आपल्या गाडीचा कारखान्यातल्या नोंदींवरून केलेला दाखला मिळतो, गाडी कधी बनली, कुठला रंग, काय काय लावून पाठवली. मी तो मागवला होता आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं, तारेची चाकं. म्हणजे माझी गाडी ॲबिंग्डनच्या कारखान्यातून तारांवरच बाहेर पडलेली. ती मी बदलायची म्हणजे गाडीच्या जन्मपत्रिकेत खाडाखोड केल्यासारखं वाटायला लागलं. पण दुसऱ्या बाजूने मी गाडी पोरीला बाजूला बसवून चालवतो. नवीन क्रोमची पाच चाकं आणि चार हब यांचा हिशेब आमच्या घराच्या बजेटमध्ये बसत नव्हता, आणि मला दरवर्षी दाते पुसत, तारा वाजवत, ट्यूब बदलत बसायचं नव्हतं. तारेच्या चाकाला ट्यूब लागते, निप्पलच्या भोकांतून हवा जाते म्हणून, आणि आतल्या बाजूला निप्पलवर रबरी पट्टी नीट बसली नाही तर ट्यूब घासून पंक्चर होते, ते मी दोनदा भोगलंय, एकदा पावसात एम४० मोटरवेच्या कडेला. शेवटी ठरवलं की बदलायचं, पण जुनं काहीही विकायचं नाही, कापायचं नाही. ॲक्सल, हब, नट, चाकं सगळं ठेवायचं. पुढच्या मालकाला परत तारा हव्या असतील तर त्याने बोल्ट सोडावेत आणि लावाव्यात.

चाकं मात्र मला बाजारातली नवीन नको होती, त्या काळची हवी होती. १९७० च्या मॉडेलपासून एमजीबीला रोस्टाइल चाकं यायला लागली, पत्र्याची दाबून केलेली, चंदेरी आणि मधल्या खोलगट जागांमध्ये काळा रंग, १४ इंच व्यास आणि ५ इंच रुंदी. नावातला रो म्हणजे रुबेरी ओवेन, डार्लस्टनची कंपनी, इथून फार लांब नाही. मूळ डिझाइन अमेरिकन, परवाना घेऊन इकडे बनवलेलं. लोक या चाकांना नाकं मुरडतात, सत्तरच्या दशकातली स्वस्त चाकं म्हणतात. मला ती आवडतात. माझ्या गाडीच्या शेजारी त्याच वर्षी त्याच लाइनवर उभ्या असलेल्या गाडीला तीच चाकं असणार, त्यामुळे गाडीवर उपरी वाटत नाहीत.

गंजून कोसळलेल्या एका जीटीचे सुटे भाग विकणारा एक माणूस लीस्टरच्या बाजूला सापडला. रुंद ॲक्सल ड्रम-ब्रेकसकट, पुढचे दोन हब, पाच रोस्टाइल, वर १८५/७० चे टायर चढवलेले. ॲक्सल भाड्याच्या व्हॅनमध्ये चढवायला तीन माणसं लागली. घेण्याआधी फ्लँज हाताने फिरवून डिफचा, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरांचा, मोकळेपणा बघितला, तळाचा प्लग काढून तेलात चुरा आहे का बघितला, गिअरांचा रेशो ३.९०९ चाच आहे याची खात्री केली, म्हणजे स्पीडोमीटर चुकणार नाही.

पुढचं काम आधी घेतलं. ब्रेकचा कॅलिपर दोन बोल्ट काढून तारेने बांधून वर लटकवला, ब्रेकच्या रबरी नळीवर, होजवर, लोंबकळू द्यायचा नाही. तारेच्या हबला गंमत अशी की मधल्या नटाची स्प्लिट पिन आत खोल नळीत असते, ती काढायला हबच्या अंगाला एक भोक ठेवलंय, ते भोक पिनसमोर येईपर्यंत हब फिरवायचा आणि मग चिमट्याने पिन ओढायची. हब निघाला की त्याच्या पाठीची ब्रेक डिस्क चार बोल्टनी सुटते, ती नव्या हबला लावायची.

आता इथे मी थांबून सांगणार आहे, कारण इथेच बहुतेकजण घाई करतात. एमजीबीच्या पुढच्या हबमध्ये दोन टेपर रोलर बेअरिंग असतात आणि त्यांच्या मधे एक लांब नळकांडं, स्पेसर, आणि शिमच्या पातळ चकत्या. बहुतेक गाड्यांना आपण नट आवळतो, थोडा सोडतो, पिन घालतो. इथे तसं नाही. इथे नट ४० पाउंड-फुटांपेक्षा जास्त जोराने आवळायचा असतो, पुरा घट्ट, आणि बेअरिंगची सैल ठरते ती चकत्यांवर. कित्येक गाड्यांमधून कुणीतरी कधीतरी तो स्पेसर फेकून दिलेला असतो, कारण त्याच्याशिवाय काम पाच मिनिटांत होतं. पण तो स्पेसर आवळला गेला की आतला स्टब ॲक्सल आणि तो मिळून एकच जाड दांडा होतो, वळणावर चाकाचा जोर तोच पेलतो. माझ्या गाडीत दोन्ही स्पेसर होते, त्या दिवशी मला आधीच्या मालकांबद्दल फार बरं वाटलं.

हवी ती सैल २ ते ४ थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर. केसाएवढी. आधी मुद्दाम जास्त चकत्या घालायच्या, नट आवळायचा, हबच्या तोंडावर डायल गेज टेकवायचा आणि हब आतबाहेर ओढायचा. आजोबांनी त्यांचा स्वतःचा गेज आणला होता, लाकडी पेटीत, आतमध्ये हिरवं मखमल. पहिलं माप आलं १९ थाऊ. मला हवेत ३. चकत्या येतात ३, ५ आणि १० थाऊच्या, म्हणजे १० ची एक आणि ३ च्या दोन काढायच्या, १६ गेले, राहिले ३. काढल्या, परत आवळलं, परत गेज, काटा हलला ३ वर आणि थांबला. आजोबा म्हणाले, परत एकदा. परत सोडलं, फिरवलं, आवळलं, परत ३. तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. दुसऱ्या बाजूला पाचवेळा उघडझाक झाली कारण नवीन बेअरिंगची बाहेरची रिंग हबमध्ये पुरती बसलेली नव्हती, गेजचा काटा दर वेळी वेगळं सांगायचा. पितळी दांड्याने ठोकून ती बसवल्यावर एका झटक्यात माप आलं.

मागचा ॲक्सल म्हणजे निव्वळ मेहनत. प्रॉपशाफ्टच्या फ्लँजवर खूण केली, चार बोल्ट सोडले, ब्रेकचा होज, हँडब्रेकची केबल, लिव्हरवाल्या शॉक ॲब्सॉर्बरचे दुवे, दोन्हीकडचे रिबाउंड स्ट्रॅप, आणि शेवटी यू-बोल्ट. यू-बोल्टचे नट इतके गंजले होते की दोन कापावे लागले, नवीन संच आधीच घेऊन ठेवला होता ते बरं झालं. स्प्रिंगच्या पाट्यांच्या मागच्या शॅकल सोडून पाटे खाली केले आणि जुना ॲक्सल मी आणि माझा एक मित्र, दोघांनी ट्रॉली जॅकवर तोलत मागे ओढून काढला. नवा चढवायच्या आधी हब उघडून तेलाचे सील बदलले, कारण ब्रेक शू तेलाने भिजले की परत सगळं उघडायचं. हबचा नट परत लावताना १५० पाउंड-फूट, त्याला लांब दांडा आणि सगळं अंग लागतं. तेल ईपी ९०, साधारण पाऊण लिटरच्या वर थोडं. शॅकलचे आणि पाट्यांच्या पुढच्या डोळ्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळायचे, नाहीतर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि वर्षभरात फाटतात.

चाकांचं काम पोरीने केलं. ती बारा वर्षांची आहे. चाकं ब्लास्ट करून चंदेरी रंगवून आणली होती, मधला काळा आम्ही घरी दिला. प्रत्येक चाकाच्या प्रत्येक खोलगट जागेच्या कडेने बारीक टेप, आणि टेपची कड नखाने दाबत दाबत जायचं, जिथे दाबली नाही तिथे काळा रंग टेपखाली शिरतो. पहिल्या चाकात शिरला. तिने ते पुसलं, सगळी टेप काढली आणि परत पहिल्यापासून लावली, मी काही न सांगता. पाचव्या चाकापर्यंत तिचा हात इतका बसला होता की कडा कारखान्यातून आल्यासारख्या.

मग आम्ही गाडी खाली उतरवली, ब्रेकची हवा काढली आणि चक्कर मारायला निघालो. सगळ्यात आधी पहिला गिअर टाकला. आवाज नाही. रिव्हर्स, पहिला, रिव्हर्स, पहिला. काही नाही. बायको म्हणाली, "आता निघणार आहेस का इथेच पुढेमागे करत बसणार?"

पण दुसऱ्याच गोलचक्करवर डाव्या मागच्या बाजूने खर्रर्र असं घासल्याचं ऐकू आलं. परत घरी. टायर १८५/७० चे होते, उंचीला मूळ टायरएवढेच, ६१५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणून लोक सर्रास लावतात, पण रुंदीला २० मिलिमीटर जास्त. माझ्या गाडीत डाव्या बाजूला चाक आणि मडगार्डची कड यांच्यातलं अंतर उजवीपेक्षा साताठ मिलिमीटरने कमी निघालं. काही जण मडगार्डची कड आतून ठोकून चपटी करतात. मला पन्नास वर्षं टिकलेल्या पत्र्यावर हातोडा घालायचा नव्हता, रंग तडकला की तिथून गंज सुरू. १६५/८० चे टायर घेतले, मूळ मापाचे. घासणं थांबलं, आणि स्टिअरिंग पार्किंगमध्ये हलकं झालं ते वेगळंच. रुंद टायरने गाडी चिकटून चालते हे खरं असेल, पण या गाडीला घसरण्याआधी सांगायची सवय आहे आणि अरुंद टायरवर ती नीट सांगते.

विमा कंपनीला फोन करून चाकं बदलल्याचं कळवलं, ते इथे कळवावंच लागतं, कारखान्याची त्याच मॉडेलची चाकं म्हटल्यावर काही अडचण आली नाही.

जुना ॲक्सल तेलकट कापडात गुंडाळून बेंचखाली आहे. नट, हब, पिना वेगवेगळ्या डब्यांत, वर चिठ्ठ्या, डावा, उजवा, कुठल्या आट्यांचा. उतरवलेली चार चाकं छताला टांगलीत. पाचवं, ती स्टेपनी, मी खाली ठेवलंय. एका रविवारी ते स्टँडवर लावलं, फोन समोर उभा केला, पलीकडे मामा, आणि पोरीच्या हातात खडू दिला. मामा म्हणाला हळू फिरव, खडू टेकवू नकोस, नुसता धरून ठेव, रिमच येऊन त्याला लागू दे. पांढरी रेघ उमटली तशी ती ओरडली आणि मामा पलीकडून म्हणाला, "आता समोरची तार, पाव फेरा, जास्त नाही."

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी गाडी ॲबिंग्डनला नेली. कारखाना १९८० च्या ऑक्टोबरात बंद झाला, आता तिथे पाहण्यासारखं फार नाही, पण जिथे गाडी बनली त्या गावात तिला एकदा न्यायचं होतं. एम४० वर ६० मैलांना स्टिअरिंग अगदी स्थिर होतं, मी एक हात काढून बघितला. घरापासून साठेक मैल झाले होते, आणि चाक नवीन बसवल्यावर पन्नासेक मैलांनी नट परत बघावेत असं मी मानतो, म्हणून गावातल्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि डिकीतून टॉर्क पाना काढला, ६२ पाउंड-फुटांवर लावला. पोरगी मोजत होती. सोळा नट. मागच्या डाव्या चाकाचा एक जरासा हलला आणि मग क्लिक झाला. बाकीचे पंधरा हात लावताच क्लिक.